लाल झालं म्हणजे साबणच का?



हळदीच्या कागदाचा प्रयोग आपण सगळेच घेतो. कागदाला ओली हळद लावायची, वाळवायचा आणि त्यावर साबणाचं पाणी टाकायचं. कागद लाल होतो, मुलं टाळ्या वाजवतात, आपण फळ्यावर निष्कर्ष लिहितो. झाला पाठ!

माझं मत असं की इथे प्रयोग अर्धाच झालेला असतो. त्याच कागदावर चुन्याची निवळी टाकून बघा, धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकून बघा. तेव्हाही लालच. साधं पाणी टाकलं तर मात्र पिवळाच राहतो. म्हणजे लाल रंग 'साबण आहे' असं सांगतच नाही, 'आम्लारी आहे' एवढंच सांगतो. मुलाला हे कळायचं असेल तर साबण नसलेल्या वाट्याही त्याच्या पुढ्यात हव्यात.

तुम्ही म्हणाल, चौथी-पाचवीच्या पोरांना एवढं कशाला? म्हणून मोठ्या प्रयोगशाळांमध्ये घडलेली एक खरी गोष्ट सांगते.

अँटीबॉडी हा शब्द कोरोनामुळे घरोघरी पोचला. मराठीत आपण त्याला प्रतिपिंड म्हणतो. शरीरात बाहेरून काही आलं की ते ओळखून त्याला चिकटणारं हे प्रथिन. या चिकटण्याचाच उपयोग शास्त्रज्ञ शोधकामासाठी करतात. एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली, त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. आज अशी प्रतिपिंडं छोट्या कुप्यांत विकत मिळतात. ऊतीच्या अगदी पातळ कापावर ते टाकायचं, मग रंग आणणारी रसायनं घालायची. जिथे प्रतिपिंड चिकटलं असेल तिथे तपकिरी रंग दिसतो. आपल्या हळदीच्या कागदाचा थोरला भाऊच म्हणा ना!

आता आपल्या पेशींत काही प्रथिनं अशी असतात की कोणतं जनुक चालू करायचं आणि कोणतं बंद, हे ती ठरवतात. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा हे त्यातलंच एक. १९९६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाने ते शोधलं. पुढे जगभर त्यावर अभ्यास झाले. ते कुठल्या अवयवात असतं, कर्करोगात त्याचं काय होतं, हे बघायला लोकांनी विकतची प्रतिपिंडं वापरली. तपकिरी रंग दिसला की 'आहे' अशी नोंद होत गेली.

२०१७ मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. या प्रथिनासाठीची १३ प्रतिपिंडं घेतली आणि त्यांचीच परीक्षा घेतली. हे प्रथिन नक्की असलेल्या पेशींवर ती वापरली, आणि नक्की नसलेल्या पेशींवरही वापरली. पूर्ण कसाला उतरलं फक्त एक! फार वापरात असलेली दोन प्रतिपिंडंही नापास झाली. मग त्या एका भरवशाच्या प्रतिपिंडाने पुन्हा पाहिलं, तर स्तनाच्या ऊतीत, निरोगी असो वा कर्करोगाची, हे प्रथिन दिसलं नाही. त्याआधी ते तिथे असल्याचं कितीतरी शोधनिबंधांत छापून आलं होतं. (पालकांनी घाबरू नये. स्तनाच्या कर्करोगात दवाखान्यात जी नेहमीची ईआर तपासणी होते ती अल्फा नावाच्या वेगळ्या प्रथिनाची. तिचा इथे संबंध नाही.)

वीसेक वर्षांची मेहनत आणि पैसा. ही माणसं काही अडाणी नव्हती. पण रंग आला की आपलं उत्तर आलं, असं कोणालाही वाटतं. 'जिथे ते नाहीच, तिथे हा रंग येतो का?' हा प्रश्न मागे राहतो.

आता आपल्या वर्गाकडे या. मूल पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणतं आणि आपण 'वाचन येते' अशी खूण करतो. पण आपली ही चाचणी नेमकं काय पकडते? वाचन की पाठांतर? ज्याला अक्षरओळख नाही असं मूलही ऐकून ऐकून तेच म्हणू शकत असेल, तर ती खूण खोटी. आणि त्या खोट्या खुणेची किंमत ते मूल पुढच्या इयत्तेत मोजतं, कारण कागदोपत्री त्याला वाचता येतंय, म्हणून मदतीच्या यादीत त्याचं नावच नसतं.

उपाय अवघड नाही. चित्र झाकून मधल्याच ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवा. न शिकवलेला चार ओळींचा उतारा द्या. पाढ्यांचंही तसंच. 'सात चोक' पटकन आलं, तर २८ चिंचोके सात जणांत वाटायला सांगा.

वेळ कुठे आहे, असं सहकारी म्हणतात. ते खरंच आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची. पण साध्या पाण्याची एक वाटी मांडायला किती वेळ लागतो? तीन प्रयोग घाईने उरकण्यापेक्षा दोनच घ्या, पण 'नाही'ची बाजूही दाखवा.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, 'आज कागद लाल झाला,' तर 'शाब्बास' जरूर म्हणा. पण सोबत विचारा, 'साबण नसता तर काय झालं असतं? आणि तू ते करून पाहिलंस का?' मूल म्हणालं 'नाही', तर हळद आणि चुना घरातच असतो. लगेच करून बघा.