बारशाला आईच नाही!

रॉक संगीताचा जनक कोण, असा प्रश्न निघाला की एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड अशी नावे धडाधड पुढे येतात. जनक इतके, आणि जननी मात्र एकही नाही! वाचकहो, असले बारसे तुम्ही कधी जेवला आहात काय?

जननी होती. तिचे नाव सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, कॉटन प्लांट गावी, एका कृष्णवर्णीय घरात ती जन्मली. आई मेंडोलिन वाजवीत, धर्मोपदेश करीत गावोगाव हिंडे. पाच-सहा वर्षांची पोर गिटार घेऊन तिच्या शेजारी उभी राही. पुढे तीच भजने तिने नाइट-क्लबात गायली, तेव्हा चर्चमधले भाविक खवळले. बाई डगमगली नाही. १९४४ साली गिटार छेडीत तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. प्रेस्लीची पहिली तबकडी निघाली १९५४ साली. हे दहा वर्षांचे अंतर मोजायला संगीतशास्त्र कशाला हवे? आणि लिटल रिचर्ड? त्याला चौदाव्या वर्षी, १९४७ साली, रंगमंचावर बोलावून गायला लावले ते रोझेटानेच!

कोणी म्हणेल, “अहो, ती तर भजने गात असे, त्यात रॉक कुठले?” भजन तिच्या शब्दांत होते, महाराज! बोटांत काय होते, ते एकदा कान देऊन ऐका.

तिची स्तुती तरी कशी होई? “बाई पुरुषासारखी गिटार वाजवते!” ही स्तुती की शिवी? तिचे ऐकून जे पुरुष वाजवू लागले, ते बाईसारखे वाजवीत होते, असे म्हणायला जीभ का अडखळते?

१९७३ साली ती फिलाडेल्फियात वारली. तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला २००९ साली. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने १९८६ साली पहिले मानकरी निवडले, त्यांत स्त्री औषधालाही नव्हती. रोझेटाची आठवण झाली २०१८ साली, तीही ‘आरंभीचा प्रभाव’ या सदराखाली. घर तिने बांधायचे, माजघरात इतरांनी मिरवायचे, आणि तिला पाट ओसरीवर!

तेव्हा या दिवाळीत घरातल्या लेकीने गिटार मागितली, तर “हे मुलींचे वाद्य नव्हे” असे मात्र म्हणू नका. ते तिच्या आजीचेच आहे.