आयत्या वेळचे विषय

बैठकीचा शिष्टाचार म्हणजे वेळेवर हजेरी, मृदू भाषा आणि दुसऱ्याचे बोलणे मध्येच न तोडणे, अशी जी समजूत कचेऱ्यांतून रूढ आहे, ती खोटी नसली तरी फार अपुरी आहे. कारण बोलावणाऱ्याची सभ्यता बैठक भरण्यापूर्वी आणि ती उठल्यानंतरच खरी कसाला लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालक मंडळाच्या सभेस सर्वसाधारणपणे निदान ७ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक ठरवली आहे, आणि इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदवहीत यावे अशी मुदतही घालून दिली आहे. पण संचालकांच्या वेळेची अशी बूज राखणाऱ्या त्याच कंपनीत खालच्या मजल्यावरील कारकुनाला मात्र 'साहेबांनी बोलावलंय, लगेच या' एवढ्या निरोपावर हातातले काम टाकून, विषय काय आहे हेही ठाऊक नसताना, धावावे लागते.

विषयपत्रिकेच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असे जे एक निरुपद्रवी कलम आपल्या पतपेढ्यांपासून ग्रंथालयांपर्यंत सर्वत्र आढळते, ते मुळात अकस्मात उद्भवणाऱ्या निकडीसाठी असले, तरी आगाऊ कळवल्यास ज्याला हरकत आली असती, असा विषय नेमका तिथूनच आत शिरतो. कचेरीत या कलमाचे नाव 'जाता जाता एकच' असे असते. वह्या मिटलेल्या, चहाचे कप उचलले जात असलेले, निम्म्यांचे लक्ष लोकलच्या वेळेकडे. आणि तेवढ्यात कामाच्या पाळ्या बदलण्याची तजवीज 'सर्वानुमते' मंजूर होऊन जाते, तीही ज्यांच्या पाळ्या बदलायच्या त्यांच्या गैरहजेरीत. अशा विषयाची आयत्या वेळी फार तर माहिती द्यावी. निर्णय पुढील तारखेवर टाकावा.

बोलण्याच्या क्रमाकडेही आपले दुर्लक्ष असते. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते कनिष्ठापासून घेण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यामागील व्यवहारज्ञान उघड आहे: वरिष्ठाने आपला कौल आधी दिला, की उरलेल्यांचे मत हे मत न राहता अनुमोदन होते. आपले अधिकारी मात्र प्रथम अर्धा तास स्वतःचे विवेचन करतात आणि मग मोठ्या औदार्याने विचारतात, 'कुणाला काही बोलायचंय?'

राहता राहिले इतिवृत्त. 'या विषयावर सविस्तर चर्चा झाली' या वाक्याने फक्त आवाज झाल्याची नोंद होते, कामाची नव्हे. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, एवढे तीन रकाने भरून तो कागद दुसऱ्याच दिवशी सर्वांच्या हाती पडावा. आणि पुढील बैठकीत 'मागील इतिवृत्त वाचले असे समजून कायम' या सोयीस्कर सूत्राने तो विषय न उरकता, त्या तीन रकान्यांतील नावे एकेक करून, अगदी साहेबांच्या नावासकट, मोठ्याने वाचली जावीत.