पाय कोणाचे, नाव कोणाचे?

लेग वॉर्मर म्हणजे तळवा नसलेला लांब लोकरी मोजा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कधी थेट मांडीपर्यंत. कॉलेजात जाणारी लेक तो मागते तेव्हा आईला साहजिकच प्रश्न पडतो, या उकाड्यात पायाला लोकर कशाला?

मूळची ही वस्तू नटण्याची नव्हे, कामाची. बॅले नाचणाऱ्या मुली तासन्‌तास तालीम करतात. मध्ये थांबल्या की अंग गार पडते, स्नायू आखडतात, आणि तशातच पाय ताणला तर दुखापतीची भीती. म्हणून मधल्या वेळेत पायांची ऊब टिकवायला हे लोकरीचे आवरण. मात्र ते ऊब टिकवते, निर्माण करीत नाही. आधी धावून, उड्या मारून अंग तापवावे लागतेच. सायकलपटूही थंडीत ताणल्या जाणाऱ्या कापडाचे असेच आवरण घालतात आणि ऊन चढले की काढून खिशात कोंबतात. आपल्या मुलीला थंडीच्या दिवसांत पहाटे मैदानावर सरावाला जायचे असेल, तर जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून कडा शिवून द्याव्यात. काम तेच होते, पैसे वाचतात.

या कामाच्या कपड्याची फॅशन झाली ती अमेरिकेत. १९८० साली न्यूयॉर्कच्या कलाशाळेतील मुलांवरचा ‘फेम’ हा चित्रपट आला, १९८२ साली जेन फोंडा या नटीची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि १९८३ साली ‘फ्लॅशडान्स’. मग ज्या बाया जन्मात नाचल्या नव्हत्या त्याही लेग वॉर्मर घालून बाजारहाट करू लागल्या!

‘फ्लॅशडान्स’ची नायिका आमच्या वाचकांना जवळची वाटेल. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात ती दिवसा वेल्डिंग करते, रात्री बारमध्ये नाचते आणि मोठ्या नृत्यसंस्थेत प्रवेश मिळावा म्हणून घरी घाम गाळते. तेव्हा तिच्या पायांत लेग वॉर्मर असतात. भूमिका जेनिफर बील्सची. पण त्या लेग वॉर्मरमधले नाचणारे पाय मरीन जहान या नर्तकीचे. शेवटच्या नाचात पाठीवर गरगर फिरणारी ‘नायिका’ तर केसांचा टोप घातलेला एक तरुण आहे. चित्रपट तुफान चालला, पोशाखाची नक्कल जगभर झाली, आणि श्रेयनामावलीत जहानचे नाव नव्हते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कॅनडातील टोरंटोला मॉरीन मार्डर नावाची बाई दिवसा बांधकामावर राबत असे आणि रात्री क्लबात नाचत असे. ही कथा आपल्याच आयुष्यावर बेतली, असे तिचे म्हणणे. डिसेंबर १९८२ मध्ये, म्हणजे चित्रपट लागण्याआधी चार महिने, तिने एका कागदावर सही केली. यापुढे चित्रपटाबाबत कोणताही दावा सांगणार नाही, असा त्याचा मतितार्थ. मोबदला २,३०० डॉलर. चित्रपटाने गोळा केले १५ कोटी डॉलरच्या वर. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे आम्ही जमाखर्च लिहिणारे जाणतो. तरी भागाकार करून पाहिला. तिच्या एका डॉलरमागे तिकडे पासष्ट हजार!

पुढे मार्डर कोर्टात गेली. चित्रपटाच्या मालकीत आपला वाटा आहे, असे तिचे मागणे होते. २००६ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. मागे वळून पाहता हा करार तिच्यावर अन्याय करणारा वाटतो, हे न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिले. पण सही फसवून घेतल्याचा पुरावा नाही, शिवाय सही करताना तिच्या बाजूने वकील हजर होता. तेव्हा कागद पक्का ठरला, दावा फेटाळला गेला आणि त्या २,३०० वर एक डॉलरही वाढला नाही.