सागरी रत्ने आणि संगणकाची रवी

ओडिशात बालेश्वरच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येणारा, घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा 'खेकडा' मच्छीमारांच्या लेखी निरुपयोगीच. (प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो खेकडाही नव्हे, त्याचे नाते कोळ्याविंचवांशी.) त्याच्याच जपानी भाईबंदाच्या रक्तपेशींतून १९८८ मध्ये तेथील संशोधकांनी 'टॅकिप्लेसिन' हे अवघ्या १७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे केले. जिवाणूच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो, या पेप्टाइडवर धन; त्यामुळे ते आवरणाला चिकटून ते भेदते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी थेट घेतले, असा अंदाज आहे. हे ध्यानी घेतले की या चिमुकल्या साखळीचे मोल कळते.

अशा साखळ्यांच्या शोधासाठी आता प्रत्येक जलचर कापावा लागत नाही. जनुकीय माहितीतून मिळणाऱ्या साखळ्यांचा भार, घडण, पाण्यापासून दूर राहण्याचा गुण हे सारे संगणक तपासतो, ज्ञात पेप्टाइडांशी ताडतो आणि कोणती साखळी जिवाणूनाशक असू शकेल, ते सांगतो. या क्षेत्रात भारत केवळ प्रेक्षक नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने २०१० मध्ये 'कॅम्प' हा पेप्टाइडांचा माहितीकोश भाकिताच्या साधनांसह सर्वांना खुला केला आणि पुढेही तो वाढवत नेला.

तथापि संगणक सांगतो ती शक्यता, औषध नव्हे. खुद्द टॅकिप्लेसिन माणसाच्या तांबड्या पेशींनाही इजा करते. मंथनातून अमृताआधी हलाहल निघाले, तसेच हे! भाकीत झालेली साखळी प्रयोगशाळेत घडवणे, जिवाणूंवर आणि मानवी पेशींवर पारखणे, रक्तातील विकरांपुढे ती टिकते का पाहणे, हे काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे. नेमका तेथेच अनुदानाचा हात आखडता घेतला, तर कोश आपला आणि औषध परक्याचे, अशी गत होईल.

हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण आपल्याजवळ जुने लिखित पुरावे होते. समुद्रजीवाच्या जनुकांविषयी कोणत्या ग्रंथाची साक्ष काढणार? तेथे पुरावा एकच, स्वतः केलेली आणि वेळीच नोंदवलेली तपासणी. सुंदरबनच्या खारफुटीतही आढळणाऱ्या नालखेकड्याचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध केला तो सिंगापूरच्या संशोधकांनी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपले काम केले. परळचा कोश आणि आपल्या किनाऱ्यांवरील सागरी प्रयोगशाळा एका निश्चित कार्यक्रमात जोडण्याचे काम मात्र दिल्लीचे आहे, आणि जाळ्यात अडकलेला तो मुका जीव जिवंत पाण्यात परत सोडला जाईल, हे पाहण्याचे काम भुवनेश्वरचे.