उणे साठ टक्के

जेऊर म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, "कुठलं? नगरचं का?" नगरजवळ एक जेऊर आहे, अक्कलकोट तालुक्यातही एक आहे. आमचं करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं, पोफळजच्या पुढचं. बऱ्याच गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे लोकांनी आमचं गाव पिवळ्या पाटीवर आणि तेही पळत्या खिडकीतून वाचलेलं असतं.

तर मंडळी, आज थोडं जेऊरबद्दल आणि थोडं पुण्याबद्दल. माझ्या मते हे दोन विषय नाहीतच, एकच आहे.

आधी माणसं मोजू. 2001 साली पुणे जिल्ह्यात साधारण 72 लाख लोक होते, 2011 साली 94 लाख. म्हणजे दहा वर्षांत 22 लाखांची भर. सोलापूर जिल्हा त्याच काळात 38 लाखांवरून 43 लाखांवर गेला. पुढची जनगणना 2021 ला व्हायची ती झालीच नाही, आता 2027 ची ठरली आहे. त्यामुळे एवढ्या मोठ्या बदलाची मोजदाद आपण अजून 2011 च्या आकड्यांवर करतोय. ते 22 लाख आभाळातून पडले नाहीत हे सांगायला नकोच. आमच्या दहावीच्या वर्गातली निम्मी पोरं आज हडपसर ते हिंजवडी या पट्ट्यात कुठेतरी हप्ते फेडत आहेत. मीही त्यातलाच एक.

पण म्हणून "गाव ओस पडलं" वगैरे गळा काढायचं कारण नाही. आमच्याकडे उलटंच चित्र आहे. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, केळीच्या गाड्या भरायला पार बिहार-बंगालकडची पोरं येतात. बाजारपेठेत दुकानं वाढली, घरभाडी वाढली. हे सगळं उजनीमुळे. 1980 साली धरण पुरं झालं, नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि ज्वारीच्या मुलखात ऊस आणि मग केळी आली. ज्या माळांवर माळढोक फिरायचा (1979 साली जाहीर झालेल्या अभयारण्यात आमचा करमाळा तालुकाही होता) तिथे आज ठिबकच्या नळ्या दिसतात. माळ गेल्याचं मला वाईट वाटतं. पण दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ऊस लावू नको म्हणून सांगायला मी काही धजत नाही. असो.

आता धरणाचं गणित. उजनीत एकूण पाणी मावतं साधारण 117 टीएमसी. त्यातलं 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे त्याच्या वरचं 53 टीएमसी काय ते हिशेबातलं. शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं नव्हे, मृतसाठ्याला हात लागला. तिथून खाली उणे. 2024 च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठच्या आसपास गेला होता. कंपनीतल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "टक्केवारी उणे कशी येईल? बग आहे तुमच्या धरणात!" बग नाही बाबा, आमच्याकडे लहान पोरांनाही उणे संख्या गणिताच्या पुस्तकाआधी धरणात भेटतात :)

उणे साठला तळात तीसेक टीएमसी पाणी उरतं. धरण भरलेलं असताना वरून आलेली घाण 117 टीएमसीत पसरते, उन्हाळ्यात तीच घाण पावपट पाण्यात राहते. आणि नेमकं तेव्हाच काठचे लोक चर खणून, पाइप वाढवून ते पाणी ओढत असतात. सोलापूर शहर हेच पाणी पितं. आषाढीला चंद्रभागेत स्नानासाठी इथूनच पाणी सोडतात.

वरून म्हणजे कुठून? तर आमच्या सोसायटीतून. पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा दौंडवरून खाली उजनीत. मी जेऊर सोडलं खरं, पण माझ्या बाथरूमचं पाणी काही दिवसांनी माझ्याआधी गावी पोचतं. पुण्याच्या नदीसाठी 2016 मध्ये जपानच्या मदतीने 11 शुद्धीकरण प्रकल्पांचा करार झाला, आणि भूमिपूजनालाच 2022 उजाडलं. एखाद्या प्रोजेक्टला आमच्याकडे सहा वर्षं नुसता किकऑफ लांबला असता तर क्लायंटने काय केलं असतं? पण इथे क्लायंट कोण हेच ठरलेलं नाही. पुणेकराला नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, त्याला उजनीशी काय देणंघेणं!

याहून गमतीचा भाग 2021 सालचा. त्या एप्रिलमध्ये उजनीतलं 5 टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचा निर्णय निघाला. कारण काय, तर पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं, ते जादा पाणी आहे, ते उचलू. सोलापूर जिल्हा पेटला आणि मे अखेरीस निर्णय रद्द झाला. पाणी कुणाचं या भांडणात मी पडत नाही, इंदापूरचे शेतकरीही तहानलेलेच आहेत. मला आश्चर्य याचं वाटतं की वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा सांडपाणी टीएमसीत मोजता आलं. साफ करायची वेळ येते तेव्हा ते मोजायला कुणी पुढे येत नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, पण फ्लेमिंगो येतात ना! पाणी खराब असतं तर आले असते का?" येतात की. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित येतात, हिवाळ्यात पट्टकदंब येतात. शनिवार-रविवारी भिगवणच्या बाजूला कॅमेरेवाल्यांची जत्रा असते. पण रोहित शेवाळ आणि चिखलातले बारीक जीव खातो. मुंबईत ठाण्याच्या खाडीतही तो हजारोंनी येतो, ते पाणी कुणी पिऊन पाहील का? खरी खबर भोई लोकांना विचारा. जाळ्यात चिलापीच चिलापी. मरळ, वाम सांगतील क्वचित दिसते म्हणून.

आणि फक्त पक्ष्यांचं बघूनही चालणार नाही. 21 मे 2024 ला कुगावहून पलीकडे कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. लेकरंसुद्धा होती. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर भला मोठा वळसा, म्हणून लोक बोटीत बसतात. तिथल्या शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली आहे. पक्ष्यांना त्रास होईल म्हणून त्याला विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही. चार दशकं थांबलेल्या माणसांना अजून थांबा म्हणणं बरं नव्हे. पूल व्हावाच. पक्ष्यांचं भलं करायचंच असेल तर पुलापेक्षा वरून येणाऱ्या पाण्याकडे बघा.

माझी मागणी साधी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे रोज सकाळी एकच चर्चा असते, दौंडला विसर्ग किती? तो आकडा पेपरात येतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, पारावरच्या म्हाताऱ्यांनाही क्युसेकमध्ये पाठ असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने तपासतं, नाही असं नाही, पण तो आकडा पारापर्यंत पोचत नाही. दौंडच्या विसर्गाशेजारी रोज तिथल्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू छापा. माशाला जगायला किती लागतो आणि आज किती आहे, एवढंच. चार महिन्यांत आमच्याकडचे म्हातारे तेही पाठ करतील, आणि सुट्टीला आलेल्या आम्हा पुणेकरांना एस्टीतून उतरल्या उतरल्या विचारतील, "काय रे, परवा एवढा कमी कसा झाला?"