वाकलेल्या पाठीचा प्रश्न

यंत्र आले की हातांचे काम जाते, ही भीती सर्वस्वी निराधार नाही. परंतु माणसाला न हटविता केवळ त्याचे कष्ट कमी करणारी यंत्रेही असतात. हाताने ढकलावयाचे, फिरत्या ब्रशाचे झाडणयंत्र हे त्यांपैकीच एक. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथील भांड्यांचे व्यापारी मेलव्हिल बिसेल यांनी गालिचे झाडणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट १८७६ साली घेतले. १८८९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पत्नी ॲना यांनी कारखान्याची धुरा समर्थपणे वाहिली. यंत्राची रचना साधी आहे : दांडा ढकलला की चाके फिरतात, चाकांबरोबर ब्रश फिरतो आणि कचरा आतल्या पेटीत जमा होतो. वीज लागत नाही. पाठही वाकवावी लागत नाही.

याच तत्त्वावरची मोठी हातयंत्रे फरसबंद आवारांसाठीही मिळतात. मग आपल्या शाळा-कचेऱ्यांतून ती सर्रास का दिसू नयेत? मातीच्या अंगणात वा ओल्या कचऱ्यात ती चालत नाहीत. तेथे खराटाच हवा, हे मान्य. पण अडचण केवळ तांत्रिक नाही. जे काम आपण हलके मानले, त्याच्या हत्याराचा विचार करणेही आपल्याला कमीपणाचे वाटत आले. स्वच्छतेची प्रतिज्ञा घेणे सोपे. झाडणाऱ्याच्या पाठीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करणे अवघड. शाळा-कचेऱ्यांनी वार्षिक खरेदीत या यंत्राचा अवश्य विचार करावा. मात्र तत्पूर्वी रोज झाडणाऱ्याच्याच हाती ते देऊन पाहावे आणि त्याचा अभिप्राय अखेरचा मानावा.