खाचरातलं चित्र आणि पोराचा कॉम्प्युटर

आजची नोंद शेतातली नाही, देवनारची आहे. पोराकडे आलोय, सातव्या मजल्यावर. मृगाला आठ दिवस राहिलेत, तरवा टाकायचाय, पण पोरानं मुद्दाम बोलावलं. म्हणतो, "आबा, मावळात गुंठ्याला चांगला भाव आलाय. विकून टाकू. तुमच्यानं आता लावणी होत नाही."

पोरगं दिवसभर कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढतं. खिडकीतून खाली बघितलं तर रस्ते, पत्रे, सगळं चौकोन पाडल्यासारखं दिसतं. ते बघून मला डोणजे आठवलं.

सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात श्रीकांत इंगळहळीकर यांनी २०१६ साली भाताच्या खाचरात गणपती उगवला. रंग कुठलाच नाही. हिरव्या पानाचा इंद्रायणी आणि काळपट जांभळ्या पानाचा भात, एवढंच. ही कला मूळची जपानची. तिथल्या इनाकादाते गावानं १९९३ पासून सुरू केली. २००३ ला त्यांनी मोनालिसा लावली, तर मनोऱ्यावरून ती जाडजूड दिसायला लागली! जवळचं मोठं दिसतं, लांबचं आखडतं, म्हणून. मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला. बघणारा कुठं उभा राहणार ते धरून लांबचा भाग मुद्दाम ताणून काढायचा, चित्राचे चौकोन पाडायचे, आणि त्या मापानं खाचरात खुंट्या मारायच्या. आज ते चित्र बघायला बाहेरून लोक येतात.

आता माझं मत. पोरगं कॉम्प्युटर शिकलं म्हणजे शेत सुटलं, असं आपण धरूनच चाललोय. मला ते पटत नाही. जे माप इमारतीला चालतं ते खाचराला का चालू नये?

खोटं कशाला बोलू, चित्रानं भाताचा दर वाढत नाही. उलट दोन जातींची रोपं वेगळी ठेवा, दोरी धरून लावा, काम वाढतंच. लावणीला माणसं आधीच मिळत नाहीत. गावातल्या प्रत्येकानं चित्र काढलं तर बघायला कोण येणार? म्हणून पाच गुंठेच करायचे, तेही उंचावरून दिसणाऱ्या जागी. आमचं खालचं खाचर रस्त्याच्या कठड्यावरून पुरतं दिसतं. बघायला येणारा तिथंच दोन किलो तांदूळ घेऊन गेला, तर दलालाविना विक्री झाली.

पोराला म्हणालो, "विकायचं दिवाळीला बोलू. आधी पाच गुंठ्यांत बसेल असं चित्र काढून दे."

रात्री काही बोलला नाही. सकाळी चहा घेताना विचारलं, "आबा, खालच्या खाचराची लांबी-रुंदी किती? आणि कठडा किती उंच?"

उद्याच्या गाडीनं निघतोय, टेप घेऊन मोजायला. कुणाकडं काळ्या पानाच्या भाताचं बी असेल तर कळवा. पायलीभर पुरे.